कल्हईच्या वाटेने इलेक्ट्रॉनिक्सकडे

आपल्या घरात आज किती विजाणू-उपकरणे नांदत आहेत, याची एकदा सहज मोजदाद करून पाहावी. दूरदर्शन संच, मोबाईल, धुलाईयंत्र, इन्व्हर्टर, दारावरची घंटा, मधुमेह तपासण्याचे यंत्र, इतकेच काय, धाकट्याच्या बुटांत चालताना लुकलुकणारे दिवे. मोजता मोजता आकडा पंचवीस-तिशीपर्यंत जातो. मग त्याच घरातील दहा-बारा वर्षांच्या मुलाला विचारावे, की यांपैकी एखादी वस्तू उघडून आत काय आहे ते तू कधी पाहिले आहेस काय? बहुतेक घरांतून उत्तर नकारार्थी येईल. दोष मुलाचा नाही. सायकलची साखळी उतरली तर ती बसविताना आपले हात काळे होत. घड्याळाचे मागचे झाकण काढले तर चक्रांचे दाते दिसत. आताच्या वस्तू बाहेरून इतक्या गुळगुळीत असतात, की त्यांचा स्क्रू कोठे आहे हेच सापडत नाही. वस्तू वापरणाऱ्याने ती उघडू नये, अशीच तिची घडण असते.

तेव्हा मुलांना हे झाकण उघडण्याची संधी कशी द्यावी, त्यासाठी मिळणाऱ्या प्राथमिक साहित्यसंचांचा, ज्यांना सर्वजण ‘किट’ म्हणतात त्यांचा, उपयोग कितपत, आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी त्यात काय करावे, याविषयी चार गोष्टी मांडण्याचा विचार आहे. मी काही या विषयातील पंडित नव्हे. मात्र विद्यानगरातील आमच्या घरी गेली काही वर्षे रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली जाते आणि इमारतीतील चार-पाच मुले तारा, सेल आणि सांडशा घेऊन बसतात. त्यातून जे पाहिले, तेच येथे सांगत आहे.

हैदराबादेत राहणाऱ्यास या विषयाचे अप्रूप वाटण्याचे खरे म्हणजे कारण नाही. इलेक्ट्रॉनिक्सने या शहरात पाय रोवले त्याला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. डॉ. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली १९६३ साली नेमलेल्या समितीने देशाने ही उपकरणे स्वतः बनवावीत असा आग्रह धरला. अणुशक्ती खात्याच्या आधिपत्याखाली ‘इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’ ही संस्था ११ एप्रिल १९६७ रोजी हैदराबादेत स्थापन झाली. तिचे प्रवर्तक डॉ. ए. एस. राव हे मूळचे ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रातील. १९५६ साली कार्यान्वित झालेल्या ‘अप्सरा’ या भारताच्या पहिल्या अणुभट्टीची नियंत्रणव्यवस्था त्यांच्या गटाने घडविली होती. ट्रॉम्बेला आकाराला आलेला ‘टीडीसी १२’ हा देशी बनावटीचा संगणक पुढे इसीआयएलच्या कारखान्यातून बाहेर पडू लागला. तिच्या दूरदर्शन संचांचे नाव ऐंशीच्या दशकात अनेक घरांत होते. १९८२ साली केरळातील परवूर मतदारसंघात पन्नास मतदानकेंद्रांवर जे मतदानयंत्र प्रथम वापरले गेले, त्याचा प्रारंभीचा नमुनाही याच संस्थेने तयार केला होता. ए. एस. राव नगर ही वसाहत आज त्यांचे नाव चालविते. रोज तेथून जाणाऱ्या किती जणांना ते कोण होते हे ठाऊक असेल, ही गोष्ट वेगळी.

ही सगळी परंपरा मौला अलीच्या बाजूला, आणि येथे विद्यानगरात आपण. आपल्या एका अंगाला उस्मानिया विद्यापीठ, मध्ये दुर्गाबाई देशमुखांच्या नावाचे रुग्णालय (या थोर तेलुगू विदुषी आपल्या चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी, हे मराठी वाचकास सांगावयास नको), आणि दुसऱ्या अंगाला नल्लाकुंटा. आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेची शिकवणी या शहरात ज्या चुक्का रामय्यांनी नावारूपाला आणली, त्यांचा वर्ग याच नल्लाकुंट्यात चाले. त्या वर्गाने अनेक गरीब घरांतील मुलांचे सोने केले, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्या यशाची सावली पुढे खाली खाली सरकत आली. आता सहावीपासून ‘फाउंडेशन’ नावाचा वर्ग असतो. आमच्या टेबलावर येणाऱ्या एका मुलाचे वेळापत्रक मी एकदा विचारले: सकाळी साडेसात ते साडेतीन शाळा, पाच ते आठ शिकवणी, रविवारी दुपारी चाचणी परीक्षा. त्याला विद्युत्प्रवाहाची गणिते तोंडपाठ येतात. नऊ व्होल्टचा सेल त्याने आयुष्यात प्रथम हातात धरला तो आमच्या घरी, आणि धन टोक कोणते हे त्याला मला विचारावे लागले.

मला काळजी वाटते ती येथे. ज्या शहरात यंत्रे घडविणारी माणसे राहिली, त्याच शहरात मुलांची एक पिढी यंत्राचे गणित जाणते आणि यंत्र जाणत नाही. हाताला काही ठाऊक नसले, तर ते गणित परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी उडून जाते.

हाताच्या या विद्येत पहिली भीती असते ती सोल्डरिंगची. तापलेले लोखंड, वितळणारा धातू आणि धूर या तीन गोष्टी ऐकल्या, की आईबापांच्या कपाळावर आठी पडते. पण ही विद्या आपल्या घरांना नवी नाही. वाचकांपैकी ज्यांची साठी उलटली आहे, त्यांना गल्लीत ‘कल्हईऽऽवाला’ अशी आरोळी ऐकल्याचे स्मरत असेल. तो झाडाखाली खड्डा खणून भाता लावी, निखाऱ्यावर पितळेचे पातेले तापवी, त्यात नवसागराची पूड टाकी आणि पांढरा धूर उठताच कथलाचा तुकडा आत टेकवून कापसाच्या बोळ्याने तो चहूकडे फिरवी. क्षणात काळवंडलेले पातेले रुप्यासारखे चमके. आम्ही मुले श्वास रोखून पाहत असू.

आता याचा अर्थ असा. धातू हवेत राहिला, की त्याच्यावर ऑक्साइडचा एक पातळ थर चढतो, आणि त्या थरावर कथील चिकटत नाही. नवसागर तापला की तो थर खाऊन टाकतो, आणि उघड्या पडलेल्या स्वच्छ धातूला कथील घट्ट धरते. सोल्डरिंग म्हणजे हीच क्रिया, लहान प्रमाणावर. येथे नवसागराच्या जागी राळ असते, कारण नवसागर मागे राहिला तर बारीक तारांना गंजवितो. व्हायोलिनच्या गजाला जी लावतात तीच ही राळ. सोल्डरच्या तारेच्या पोटात ती आधीच भरलेली असते. तार कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाची, बहुधा साठास चाळीस या प्रमाणात. निव्वळ कथील २३२ अंशांवर वितळते, शिसे त्याहून वर, पण दोन्ही एकत्र आली की वितळणे १८३ अंशांपासूनच सुरू होते. दोघे मिळून एकट्यापेक्षा लवकर विरघळतात, हे ऐकून आमच्या टेबलावरची एक मुलगी म्हणाली, “आजोबा, भांडण झाल्यावर आम्ही मैत्रिणीसुद्धा!” तिची उपमा शास्त्राला धरून नसेल, पण आकडा ती विसरणार नाही.

आणि शब्दही आपल्याकडे आहेतच. सोनार दागिन्याला डाख लावतो, स्टोव्हची टाकी गळू लागली तर तिला डाग देऊन आणत असू, आणि कोशात पाहिले तर ‘झाळणे’ हे चांगले मराठी क्रियापद सापडते. सोल्डरिंग आयर्नचे टोक कामापूर्वी कथलाने माखून घ्यावे लागते. याला ‘टोकाला कल्हई करणे’ म्हटले की मुलांना एका क्षणात उमगते. इंग्रजी पुस्तकातील शब्दाचा अर्थही नेमका तोच आहे.

प्रत्यक्ष कृती सोपी, मात्र क्रम चुकता कामा नये. नवशिक्याची रीत अशी असते, की आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घ्यायचा आणि तो सांध्यावर नेऊन सारवायचा. असे कधी करू नये. राळ वाटेतच जळून जाते आणि थेंब सांध्यावर नुसता बसतो, धरत नाही. आधी टोक सांध्याला लावून तार आणि पट्टी दोन्ही तापवावी. साधारण एक-दीड सेकंदाने सोल्डरची तार सांध्याला, टोकाला नव्हे, टेकवावी. ती आपोआप वितळून पसरली की प्रथम तार मागे घ्यावी, मग आयर्न. थिजेपर्यंत काही हलवू नये. शिसेयुक्त सोल्डरचा चांगला सांधा चकचकीत आणि तळाशी पसरलेला दिसतो. वाईट सांधा गोळीसारखा गोल आणि भुरकट. वरून जोडलेला पण आतून न जोडलेला असा हा ‘थंड सांधा’ पुढे फार छळतो. यंत्र आज चालते, उद्या चालत नाही, टपली मारली की पुन्हा चालते. जुन्या रेडिओला थपडा मारण्याची आपल्याकडे जी प्रथा होती, तिचे मूळ पुष्कळदा अशा एखाद्या सांध्यातच असे.

तरीही पहिल्याच दिवशी मुलाच्या हाती आयर्न देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याआधी काही महिने केवळ जोडाजोडीचे खेळ करावेत. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील मुलांच्या विज्ञानकेंद्रात ज्यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून दाखविली, त्या अरविंद गुप्ता यांची छोटी मोटार हा माझ्या मते सर्वोत्तम आरंभ. एक सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबची एक पट्टी, एक लहान चुंबक आणि एनॅमल चढविलेली तांब्याची तार, एवढेच साहित्य. तारेचे वेटोळे करून त्याचे एक टोक चहूबाजूंनी खरवडायचे आणि दुसरे तीनच बाजूंनी. चौथी बाजू का सोडायची, हा प्रश्न मुलाने विचारला पाहिजे. न विचारल्यास दोन्ही टोके पूर्ण खरवडून पाहू द्यावी. वेटोळे मग थरथरते आणि अडखळते, नीट फिरत नाही. अर्ध्या फेरीनंतर तेच बल वेटोळ्याला उलट ओढू लागते आणि त्या वेळी प्रवाह तोडावा लागतो, हे पुस्तकातील चार ओळींनी जे होत नाही ते या थरथरीने होते.

त्यानंतर ब्रेडबोर्ड. पूर्वी हौशी लोक खरोखरच पाव कापण्याच्या लाकडी फळीवर खिळे ठोकून मंडल जुळवीत, म्हणून हे नाव. आताची फळी प्लॅस्टिकची, सच्छिद्र; छिद्रात तार खोचली की जोडणी झाली, उपटली की मोडली. यावर पहिला धडा तांबड्या एलईडी दिव्याचा. नऊ व्होल्टच्या सेलला तो थेट जोडला तर क्षणभर झगमगून कायमचा मरतो. (एक तरी दिवा असा मरू द्यावा, किंमत दोन-तीन रुपये.) मग हिशेब मांडावा. दिवा स्वतःसाठी सुमारे दोन व्होल्ट घेतो, उरतात सात. पंधरा मिलिअँपिअर प्रवाह पुरेसा आहे, म्हणून सातला ०.०१५ ने भागावे. उत्तर ४६६ च्या पुढे येते. बाजारात मिळणारा त्याच्या जवळचा रोधक ४७० ओहमचा, आणि त्याच्यावरचे पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी. चार, सात आणि पुढे एक शून्य. दहावीच्या पुस्तकात भेटणारा ओहमचा नियम पाचवी-सहावीच्या मुलाला असा दिव्याच्या उजेडात भेटतो. भागाकार येत असला की झाले.

तिसरा धडा ट्रान्झिस्टरचा. तारांची दोन मोकळी टोके ओल्या बोटाने जोडली, की बोटातून जाणारा नगण्य प्रवाह ट्रान्झिस्टर शंभर-दोनशे पटींनी वाढवितो आणि दिवा मंदसा पेटतो. मुले मग ओळीने एकमेकांचे हात धरून उभी राहतात आणि साखळीतील शेवटच्याच्या बोटाने दिवा लावून पाहतात. त्या दिवशी आमच्या घरी जो गोंगाट झाला, त्याने खालच्या मजल्यावरील गृहस्थ चौकशीस वर आले, आणि तेही साखळीत उभे राहिले.

एक प्रसंग मात्र विस्ताराने सांगतो, कारण किटचे खरे मोल मला त्यातच दिसले. सातवीतील एका मुलीने अंधार पडताच आपोआप लागणारा दिवा तयार केला होता. प्रकाश पडला की रोध कमी होणारा एलडीआर नावाचा घटक त्यात असतो. सगळे जुळवून तिने वर हात धरला, दिवा लागला नाही. तिने प्रथम माझ्याकडे पाहिले, मग आईकडे. शाळेत उत्तर चुकले की तांबडी खूण होते आणि विषय संपतो. येथे कोणी खूण केली नाही आणि विषयही संपला नाही. मी मीटर तिच्या हाती दिला आणि सेलपासून एक-एक बिंदू तपासत जा, एवढेच सांगितले. सेल ठीक, रोधक ठीक, दिव्यापर्यंत व्होल्ट पोचतात, ट्रान्झिस्टरच्या तळाशीही पोचतात. पाऊण तास गेला. शेवटी तिने ट्रान्झिस्टर उपटून त्याची सपाट बाजू पाहिली आणि तो उलटा बसला आहे हे तिलाच दिसले. दिवा लागला तेव्हा ती आनंदाने ओरडली वगैरे नाही. तिने तो ट्रान्झिस्टर पुन्हा मुद्दाम उलटा बसवून पाहिला, दिवा विझल्याची खात्री केली, आणि मग सुलटा केला. शास्त्रज्ञाचे काम याहून निराळे काय असते?

मुलींना या टेबलापासून दूर ठेवण्याची रीत काही घरांतून अजून दिसते, म्हणून येथेच म्हणून ठेवतो: जगभरच्या विजाणू-उपकरणांच्या जुळणीकामात स्त्रियांचा वाटा पूर्वीपासून फार मोठा आहे. भाजण्याची भीती घालायची तर पोळपाटाशेजारचा तवा सोल्डरिंग आयर्नपेक्षा कितीतरी मोठा असतो.

आता आज्ञावलीकडे. संगणकाला क्रमाने सांगितलेल्या कामांची यादी म्हणजे आज्ञावली. मुलांनी ती लिहावी हा विचार मोबाईलच्या युगातला नाही. अमेरिकेत सीमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली ‘लोगो’ ही भाषा केली, तिच्यात पडद्यावरील कासवाला ‘पुढे जा, वळ’ असे सांगून मुले भूमिती शिकत. आपल्या देशात १९८४ साली ‘क्लास’ नावाच्या योजनेखाली २५० शाळांना बीबीसी बनावटीचे संगणक दिले गेले. पुढे २००७ साली मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीतून ‘स्क्रॅच’ आली, तिच्यात आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत बसवायचे असतात. ती फुकट मिळते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तीच बरी.

पण पडद्यावरचे मांजर नाचविण्यात आणि टेबलावरचा खरा दिवा लुकलुकविण्यात मोठे अंतर आहे. त्यासाठी दोन फलक प्रसिद्ध आहेत. ‘मायक्रोबिट’ हा ब्रिटनमध्ये २०१६ साली सातवीतल्या सुमारे दहा लाख मुलांना वाटला गेला. त्याच्यावर पंचवीस छोटे दिवे आणि दोन बटणे असतात, आणि ठोकळ्यांची भाषा त्याला कळते. दुसरा ‘आर्दुइनो’, इटलीतील इव्रेआ गावी २००५ साली तयार झालेला. त्याच्या जनकांनी ज्या मद्यगृहात बैठका केल्या, त्या मद्यगृहाचे नाव अकराव्या शतकारंभीच्या आर्दुइनो राजावरून होते, आणि तेच फलकाला मिळाले. राजाला बिचाऱ्याला कल्पना नसेल, की हजार वर्षांनी विद्यानगरातील मुले आपले नाव घेऊन कोठीच्या दुकानात भाव विचारतील.

आर्दुइनोवरचा पहिला धडा म्हणजे एक दिवा एक सेकंद लावणे, एक सेकंद विझविणे. आज्ञावलीत तो काळ १००० असा, मिलिसेकंदांत, लिहिलेला असतो. मुलाला हा आकडा बदलू द्यावा. शंभर केला तर दिवा फडफडतो. दहा केला तर तो सतत पेटल्यासारखा वाटतो, मात्र थोडा मंद. दिवा तर विझतोच आहे, मग दिसत का नाही? येथून डोळ्यांवर रेंगाळणारी प्रतिमा, चित्रपटाची फीत, घरातील पंख्याच्या वेगाचे नियंत्रण, अशा किती वाटा फुटतात! दोन आकड्यांच्या फेरफारातून एवढे निघत असेल, तर आज्ञावलीची शंभर पाने शिकण्याची घाई कशाला?

आणि घाई लावणारे पुष्कळ आहेत. २०२० च्या शिक्षणधोरणात सहावीपासून आज्ञावलीचा उल्लेख आला आणि टाळेबंदीत घरी बसलेल्या पालकांपुढे जाहिरातींचा पूर लोटला. तुमचे मूल मागे पडेल, हा त्यांचा सूर. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने अशाच एका वर्गाला वर्षभराचे पैसे आगाऊ भरले. मुलाला मिळाली एक चकचकीत प्रशस्ती आणि तयार आज्ञावलीत आपले नाव घालण्याचे कौशल्य. महागड्या ‘रोबो’ किटांचीही थोडीफार हीच कथा. त्यांतून एकच वस्तू तयार होते, सर्व भाग आधीच मोजून ठेवलेले, चुकण्यास वावच नाही. दोन तासांत रोबो चालतो, तिसऱ्या तासाला माळ्यावर जातो. किट निवडताना मी एकच कसोटी लावतो: यातील भाग सुटे करून यांतून दुसरे काही करता येते काय?

खरे पाहता डबाबंद किटाची गरजही नाही. आपल्या विवेकवर्धिनीपासून कोठीची गुजराती गल्ली काही फार दूर नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची ही हैदराबादेतील जुनी पेठ. मुलाला घेऊन एकदा तेथे अवश्य जावे. ब्रेडबोर्ड, काही दिवे, निरनिराळे रोधक, दोन-चार ट्रान्झिस्टर, एलडीआर, सेलची टोपी आणि साधा मीटर एवढे पाचशे-सातशे रुपयांत बसते. २५ वॅटचे आयर्न, स्टँड आणि सोल्डर यांना आणखी तेवढेच. आर्दुइनोच्या नमुन्यावर बनविलेले फलकही पाचशेच्या आसपास मिळतात. काउंटरवर मुलाला स्वतः बोलू द्यावे. ‘चारशे सत्तर ओहम, पाव वॅट, दहा नग’ असे त्याने दखनी हिंदीत किंवा तेलुगूत मागितले आणि दुकानदाराने त्याच्याकडे गिऱ्हाईक म्हणून पाहिले, की मुलाची छाती किती फुगते ते पाहण्यासारखे असते.

या सर्वांमागील विचार मात्र आयात केलेला नाही. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीमचा पुरस्कार केला, आणि तिचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, आपल्या हैदराबादेत जन्मलेले. हातांनी काही घडवीत असतानाच बुद्धी शिकते, हे त्यांचे सूत्र तकलीपुरते नव्हते. महाराष्ट्रात ते नव्या युगात नेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधनविभागातील नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ या दुष्काळी गावी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास झालेली मुले तेथे वेल्डिंग, बांधकाम, शेती, विजेची कामे करता करता विज्ञान शिकली. २००२ साली एमआयटीच्या सहकार्याने पाबळला ‘फॅब लॅब’ उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी ती एक. पुढच्याच वर्षी कलबाग गेले, आश्रम चालू राहिला.

सरकारनेही २०१६ पासून ‘अटल टिंकरिंग लॅब’ या नावाने शाळांना वीस लाखांपर्यंतचे अनुदान देऊन दहा हजार प्रयोगशाळा उभ्या केल्या आहेत. आपल्या मुलाच्या शाळेत ती आहे काय, असल्यास तिचे कुलूप आठवड्यातून किती वेळा उघडते, हे पालकसभेत जरूर विचारावे. मोठ्या मुलांसाठी रायदुर्गला मार्च २०२३ मध्ये सुरू झालेले ‘टी-वर्क्स’ हे नमुने घडविण्याचे भव्य केंद्र आहे. विद्यानगरातून ते शहराचे दुसरे टोक पडते, पण सुटीत एकदा दाखवून आणण्याजोगे.

घरच्या टेबलाचा मला दिसलेला आणखी एक लाभ सांगितलाच पाहिजे. आपली मुले शाळेत इंग्रजी बोलतात, खाली मैदानात तेलुगू आणि हिंदी. मराठी उरते ती ‘जेवायला ये’, ‘अंघोळ कर’ आणि गणपतीच्या आरतीपुरती. आजोबांशी बोलण्यासारखा विषयच त्यांच्याजवळ नसतो. सांधा का धरत नाही, प्रवाह कोठे अडला, आधी काय आणि मग काय, हे बोलताना मात्र त्यांच्या मराठीत ‘जर’, ‘तर’, ‘म्हणून’, ‘तरीसुद्धा’ आपोआप येतात. रोधक, प्रवाह, डाख, राळ, कथील हे शब्द ती कौतुकाने वापरतात. एलईडीला ती एलईडीच म्हणतात, आणि त्यात काही बिघडत नाही.

आता सावधगिरीचे थोडे, पण हे कोणी वगळू नये. दहा वर्षांखालील मुलास आयर्न देऊ नये. पुढेही मोठे माणूस शेजारी असावे. टोक ३०० अंशांहून अधिक तापते, म्हणून स्टँडशिवाय काम नाही, आणि डोळ्यांवर साधा चष्मा हवाच. उठणारा धूर राळेचा असतो, तोही श्वासात जाऊ नये. खिडकी उघडी ठेवावी. शिसे विषारी आहे. कामाच्या वेळी खाणे नाही, आणि नंतर साबणाने हात धुतल्याखेरीज बिस्किटाला हात लावू द्यायचा नाही. लहान मुलांसाठी शिसेविरहित सोल्डर घ्यावे; ते थोडे अधिक तापमानाला वितळते आणि त्याचा सांधा स्वभावतःच कमी चमकतो. प्रयोग सगळे सेलवर. भिंतीतल्या विजेवर एकही नाही. बटणाएवढे सेल तान्ह्या भावंडांपासून दूर, कारण ते गिळले गेल्यास अन्ननलिका जाळतात. आणि जुना काचेच्या नळीचा दूरदर्शन संच, इन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह भट्टी यांना हात लावायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यांच्या पोटात जीवघेणा विद्युद्भार राहू शकतो.

सुरुवात कोठून करावी असे कोणी विचारले, तर माळ्यावर चढावे. सेलवर चालणारा एखादा जुना ट्रान्झिस्टर रेडिओ तेथे पडलेला असेल. याच शहरात १९३५ साली निजामाच्या राज्यात नभोवाणी सुरू झाली होती, आणि आपल्या घरांतून आकाशवाणीच्या बातम्या नि नाट्यगीते ज्याच्यावर ऐकली गेली, तो हाच डबा. सेल काढून टाकावेत, एक स्क्रूड्रायव्हर आणि स्क्रू ठेवायला एक वाटी द्यावी, आणि मुलाला तो उघडू द्यावा. आत तांब्याची बारीक तार गुंडाळलेली काळी कांडी दिसेल. ती आकाशातील लहरी पकडणारी. बटण फिरविले की पात्यांवर पाती सरकणारी चौकोनी डबी दिसेल, स्टेशन लावण्याचे काम तिचे. आणि शेजारी चार चिमुकले पत्र्याचे डबे, त्यांच्या माथ्यावर तांबडा, पिवळा, पांढरा आणि काळा असे ठिपके. ते कशासाठी, हे मुलाने विचारल्यावर लगेच सांगू नये. पुढच्या रविवारपर्यंत थांबावे.